आठमीचा वर्ग

२३ नोव्हेंबर १९५६, शुक्रवार

अकरावीला समुद्रावरची इंग्रजी कविता शिकवली. लाटेला सात समानार्थी शब्द दिले. बी.ए.ला इंग्रजी घेतल्याचं सार्थक झालं म्हणत, स्वतःवर खूश होऊन शाळेतून निघालो.

बंदरावर जनाबाईनं अडवलं. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. लग्न झाल्यापासून सु. तिच्याकडूनच मासळी घेते. ओच्यातून घडीचा कागद काढला. "तुमी इंग्रजीचं मास्तर ना? ह्यो वाचून दावा. चवघांनी वाचला, चवघांनी येगयेगला सांगितला." बंदराच्या चौकीबाहेर लागते ती वादळाची इंग्रजी सूचना, गेल्या वर्षीची. त्याच वादळात तिचा नवरा गेला, होडीसकट. तिला एकच कळून घ्यायचं होतं, कागद लागला कधी?

तो निघाला त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण बाई तोंडाकडे बघत होती.

"म्हंजी त्यो ह्या कागदाच्या म्होरूनच गेला." कागद परत घेतला, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे गेली. मी उभाच. लाटेला सात शब्द, आणि...

२ डिसेंबर १९५६, रविवार

म्हसळ्याच्या ब्लॉक ऑफिसात समाजशिक्षण संघटकाची जागा निघाली आहे. अर्ज टाकला. कोळीवाड्यात प्रौढांचा वर्ग काढायचा. चौकीतला कारकून भला आहे, वादळाची तार आली की मला निरोप धाडणार. मी तिचं मराठी करून बंदरावर पाटीवर लिहिणार. वाचणारे मात्र तयार व्हायला हवेत.

सु.ला सांगितलं. "कायमची नोकरी सोडून?" म्हणाली. मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर १९५६, गुरुवार

जागा मिळाली. हेडमास्तरांनी पुढच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बिनपगारी रजा दिली. "वर्षभर हौस फेडून घ्या. खुर्ची ठेवतो. पण वर्षभरच." माणूस प्रेमळ आहे, म्हणून जास्त राग आला.

१४ जानेवारी १९५७, सोमवार. संक्रांत

चांगला दिवस पाहून वर्ग सुरू. जाळी ठेवायची शाकारलेली खोप, तिच्यात फळा टांगला. वेळापत्रक चिकटवलं: सोम ते शनि, दुपारी ४ ते ६. काळी शाई, खाली लाल रेघ. गेल्या आठवड्यात बैठकीला पंचवीस माणसं होती, सगळ्यांनी "व्हय व्हय" केलं होतं. आज एक म्हातारी आणि दोन कुत्री. म्हातारीला ऐकू येत नाही. तिळगूळ तिलाच दिला.

१९ जानेवारी १९५७, शनिवार

सहा दिवस रिकामी खोप. रोज तरीच्या होडीनं खाडी ओलांडायची, चिखल तुडवायचा, खडू घेऊन बसायचं. आज डोकं फिरलं. ब्लॉकच्या साहेबांना पहिला अहवाल पाठवला, इंग्रजीत. लोक उदासीन आहेत, शिक्षणाची ओढ नाही, स्वतःच्या हिताबद्दलही आळशी आहेत. शेवटचं वाक्य फार झकास जमलं. दोनदा मोठ्यानं वाचलं. सु. म्हणाली, "एवढं चांगलं इंग्रजी कुणाला शिव्या द्यायला?"

२३ जानेवारी १९५७, बुधवार

फळा काढून आणायला गेलो, तर खोप भरलेली! बायका, पुरुष, मांडीवर पोरं. जनाबाई पुढे. हरबा नाखवा, वाड्यातला जुना जाणता, दोन होड्यांचा मालक, दारात विडी ओढत बसलेला.

मी ताडकन म्हणालो, गेला आठवडा कुठे होता सगळे?

हरबा हसून हसून खोकला. "मास्तर, गेली पुनव. उधान व्हता. उधानाला पान्याला वढ असते, तवाच जाल्यात मासा. पुरुष दर्यात, बायका बाजारात. आज आठम. भांगाचा पानी मेल्यागत, म्हनून आमी घरा. तुमचा घड्याल भिंतीवर, आमचा आभालात."

जन्म किनाऱ्यावर गेला. भरती-ओहोटी रोज पाहतो. पण हे लोक कोणत्या दिवशी रिकामे असतात, एवढं विचारायचं सुचलं नाही. बैठकीला आले तेव्हाही आठमच असणार. वेळापत्रक फाडलं. जनाबाईनं त्याच्या कपट्यात पोराला चणे बांधून दिले.

त्या अहवालाचं काय करू? टपाल गेलंसुद्धा.

८ फेब्रुवारी १९५७, शुक्रवार

आता असं. दर आठमीच्या अलीकडे-पलीकडे चार दिवस, सकाळपासून. महिन्यातून दोनदा. बाकीचे दिवस खोपेकडे फिरकायचं नाही. पंचांग आणलं. सु. म्हणते, इंग्रजीचा मास्तर भटजी झाला. तिला एकच जाच. शाळा असताना मधल्या सुट्टीत घरी जेवायचो, आता वर्गाच्या दिवशी पहाटे उठून डबा. करते मात्र.

साहेबांना पत्र लिहिलं, अहवाल चुकीचा, माझंच चुकलं. उत्तर नाही.

७ मे १९५७, मंगळवार

जनाबाईनं 'वादळ' हा शब्द वाचला. फळ्यावरचा नव्हे, बंदरावरून वर्गात आणलेल्या पाटीवरचा जुना पुसट. बोट लावून, एकेक अक्षर. वाचून झाल्यावर बोट तिथंच ठेवून उभी राहिली. मी फळा पुसायला वळलो.

९ सप्टेंबर १९५७, सोमवार

साहेब तपासणीला आले, न कळवता. नेमकी पौर्णिमा. मला बोलावून घेतलं. खोपेत मी आणि जाळी. त्यांना उधाण, भांग, आठम सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून जानेवारीचा अहवाल काढला. "तुम्हीच लिहिलंय ना? आळशी. फार स्पष्ट लिहिता तुम्ही." मी त्याच्यानंतरच्या पत्राबद्दल विचारलं. ते फायलीत असेल म्हणाले.

एकदा आणखी येऊन बघणार. तेव्हाही रिकामं दिसलं तर वर्ग बंद, फळा परत. पुढच्या पाच आठमींच्या तारखा कागदावर लिहून हातात दिल्या. "पंचांगावर सरकार चालत नाही हो," म्हणाले, पण कागद खिशात घातला.

माझंच झकास वाक्य माझ्या नरड्याशी आलं. हरबाला सांगितलं. त्यानं आळशी शब्दाचा राग धरला नाही. त्यामुळे जास्त लाज वाटली.

२६ ऑक्टोबर १९५७, शनिवार

सकाळी तार. दोन दिवस वाऱ्याचा जोर, होड्यांनी दूर जाऊ नये. मराठी करून पाटीवर लिहिली. बंदरावर पोचलेल्या जनाबाईनं ती स्वतः वाचली आणि धावत पलीकडे गेली. उधाणाचे दिवस, दिवाळीनंतर मासळीला मागणी. तरी हरबानं दोन्ही होड्या काठावर ठेवल्या, त्याचं पाहून बाकीच्यांनी. कुरकुर पुष्कळ.

२८ ऑक्टोबर १९५७, सोमवार

वादळ आलं नाही. पानही हललं नाही. दोन दिवसांचं उधाण फुकट गेलं. तरीवर एक जण मला ऐकू जाईल असा म्हणाला, "बाई शिकली न् दर्या थांबला." जनाबाईला बाजारात सगळे टोचतात.

तोंड कसं दाखवू असं झालं होतं. तीच घरी आली, सु.ला बांगडे द्यायला. म्हणाली, "मास्तर, तोंड पाडू नका. वादल आला न्हाय ह्याचा मला काय दुख हाय? धा येला न्हाय आला तरी मी वाचीन."

सु. तिला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेली. एरवी दारातूनच बोलते.

६ नोव्हेंबर १९५७, बुधवार

एकाच टपालात दोन पत्रं.

हेडमास्तर: सत्र शुक्रवार दि. १५ला सुरू. साडेदहाला हजर होऊन सही करावी. न आल्यास जागा दुसऱ्यास देणं भाग आहे. खाली स्वतःच्या हातानं: "या हो. अकरावीचं इंग्रजी वाऱ्यावर आहे."

साहेब: आपल्या कागदावरील तारखेनुसार वर्गाची अखेरची तपासणी शुक्रवार दि. १५, सकाळी अकरा. संघटक जातीने उपस्थित हवा.

पंचांग पाहिलं. कार्तिक वद्य अष्टमी. तारीख मीच दिलेली.

१० नोव्हेंबर १९५७, रविवार

साहेबांना विचारलं, एक दिवस पुढे? नाही. हेडमास्तरांना भेटलो. सोमवारी चालेल का? "नियम मी केला नाही." दोघंही खरं बोलतात.

ब्लॉकची जागा तात्पुरती, दर वर्षी नवा हुकूम. शाळेत म्हातारपणापर्यंत डोक्यावर छप्पर. सु.ला दिवस गेलेत हे मला गेल्या महिन्यात कळलं. इथं लिहिलं नव्हतं. लिहिलं की हिशेबात धरावं लागेल म्हणून.

तिला विचारलं, काय करू? "मी सांगितलं की जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडाल." बरोबर आहे तिचं.

१४ नोव्हेंबर १९५७, गुरुवार

जनाबाईला शाळेचं सांगितलं. वाटलं, रडेल किंवा रागावेल.

"वर्ग व्हनार. तुमी आलाव तरी, न्हाय आलाव तरी. फल्यावर मी उभी ऱ्हाईन. आता येतो मला."

मग मी कशाला, असं निघून गेलं तोंडातून.

टोपली सारखी करत म्हणाली, "तुमी आमाला आलशी लिवलाव त्यो कागद हाय ना साह्यबाकडं? त्यो तुमच्या तोंडानं खोडायला."

१५ नोव्हेंबर १९५७, शुक्रवार. सकाळ

लवकर उठलो. आठमीची भरती सहाला, म्हणजे पाणी उतरू लागलंय. नऊनंतर तरीची होडी चिखलात बसते, मग दुपारपर्यंत पलीकडे जाता येत नाही. शाळा साडेदहाला, साहेब पलीकडूनच म्हसळ्याच्या रस्त्यानं अकराला. पण ठरवायचं ते नऊच्या आत.

शाळेचा काळा कोट सु.नं काल उन्हात घातला होता. खुंटीवर आहे. त्याच्या शेजारी पंचांगाची पिशवी.

खिडकीतून तरीवरची माणसं दिसतात. दोघं चढले. हरबा आज मुद्दाम अलीकडे आलाय, बांधावर बसून विडी ओढतोय. घराकडे बघत नाही.

आठ वाजून चाळीस. सु. स्वयंपाकघरातून विचारते, "डबा भरू का?" शाळेला डबा लागत नाही.

भाकऱ्या झाल्यात. वास येतोय. तिनं पुन्हा विचारलं नाही, नुसती डब्याचं झाकण हातात घेऊन दारात येऊन उभी आहे.