गच्ची बेतताना

३ फेब्रुवारी, मंगळवार

विजेचे देयक आले. सूनबाईंनी ते माझ्या चष्म्याखाली ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. न बोलणे हे त्यांचे हत्यार आहे!

शिवणकामाचे दुकान आता त्या चालवतात. माझ्या काळी पायाने चालणारी दोन यंत्रे होती. ती वीज मागत नसत, फक्त तेल मागत. आता विजेवरची चार यंत्रे, वाफेची इस्त्री, आणि एक पंखा, जो गिऱ्हाइकापेक्षा कापडालाच अधिक वारा घालतो. देयकाचा आकडा येथे लिहीत नाही. रोजनिशी ही शांततेची जागा आहे.

जेवताना बोलल्या. "बाबा, गच्चीवर सोलर बसवू या. नाहीतर दोन यंत्रं विकते. विजेचं भागवून हातात उरतंच काय?"

सौ. म्हणाल्या, "बसवा की. नाहीतरी हे दिवसभर तिथं उन्हात बसलेले असतात. त्यांच्या जागी ते बसेल. निदान त्याची वीज तरी होईल!"

मी ताक संपवून उठलो.

४ फेब्रुवारी

पॅनेलवाला गृहस्थ येऊन गेला. बूट चकचकीत, विजार मात्र घोट्याशी तोकडी. ज्यास स्वतःची विजार नीट बेतून घेता येत नाही तो माझी गच्ची काय बेतणार? तथापि ऐकून घेतले.

"मास्तर, सहा पॅनेल बसवा. सहा वर्षांत खर्च वसूल. पुढची वीस वर्षं वीज फुकट!"

"ती वीस वर्षं कोणाची?" सौ.नी विचारले. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी अधिक ताठ बसलो. मला पंच्याहत्तर पूर्ण झाली आहेत. गुडघे वगळता सर्व सामान मूळचे आहे.

मग तो गच्चीवर गेला आणि त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या गच्चीवर, अगदी मधल्या भिंतीला खेटून, पाण्याची काळी टाकी उभी आहे. दुपार कलली की तिची सावली आमच्याकडे येते. एका पॅनेलवर सावली पडली की सगळी रांग मंदावते, असे तो म्हणाला. हे मला तत्काळ समजले. एक टाका सुटला की सगळी शिवण ढिली पडते.

"टाकी सरकली तर सहा वर्षं. नाही सरकली तर दहा. पलीकडे राहतं कोण?"

सौ. पदराने कठडा पुसू लागल्या. कठड्यावर धूळ नव्हती.

"माझा धाकटा भाऊ," मी म्हणालो आणि खाली आलो.

५ फेब्रुवारी

घर दोघांत वाटले तेव्हा मधली भिंत आली आणि भिंतीपाठोपाठ ही टाकी. पहिल्याच वर्षी ती गळली. पाणी भिंतीतून झिरपून माझ्या बेतायच्या टेबलावर आले आणि गिऱ्हाइकाचे कोटाचे कापड भिजले. धाकटा डोकावून म्हणाला, "वाळेल की, दादा."

वाळेल की! लोकरीचे कापड होते!

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मी थोरला आहे. थोरल्याने प्रथम बोलावयाचे नसते.

सूनबाईंचा हिशेब सरळ आहे. सहा वर्षे असतील तर कर्ज काढून बसवणार. दहा असतील तर यंत्रे विकणार.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्याच्या मापावर मी कधी कात्री चालवलेली नाही. पॅनेलवाल्याकडून एका पॅनेलची लांबी-रुंदी तेवढी घेतली, दुकानातला खाकी कागद जोडून एकास एक असे सहा पॅनेल कापले आणि गच्चीवर अंथरून विटांनी दाबले. कोटाचे काय, गच्चीचे काय, आधी कागद मांडून पाहावा.

पाच बसले. सहावा बसेना! उभा, आडवा, फिरवून पाहिला. जिन्याच्या तोंडात शिरतो.

खाली येऊन जाहीर केले, "गच्ची लहान आहे. पाच पॅनेलांत चार यंत्रे चालणार नाहीत. विषय संपला."

सूनबाईंचे तोंड एवढेसे झाले. मला वाईट वाटले. मात्र खरे लिहावयाचे तर, जिना उतरताना मी शीळ घालीत होतो. सोलरचा विषय संपला की टाकीचाही संपतो.

९ फेब्रुवारी

वारा सुटला. सहावा कागद उडून पलीकडे गेला आणि टाकीला बिलगून बसला. बसू दे.

सौ. : "कागद मागायला तोंड नाही का?"

मी : "तोंड आहे. ते आधी कोणी उघडावे एवढाच प्रश्न आहे."

सौ. : "मग दोघं मिठाची गुळणी धरून बसा."

११ फेब्रुवारी

सकाळी मधल्या भिंतीवर तो कागद घडी करून ठेवलेला होता. वर अर्धी वीट. उलगडून पाहतो तो चारी बाजूंनी कापलेला! माझा कागद! सबंध हयातीत माझ्या बेतलेल्या कागदाला परक्या हाताची कात्री लागलेली नाही.

कोणाची कात्री, हे विचारावे लागले नाही. धाकटा डावखुरा आहे. उजव्या हाताची कात्री तो डाव्या हाताने चालवतो, त्यामुळे कड संपत आली की रेघ सोडून आत वळतो. लहानपणी माझ्या शेजारी बसून त्याने किती चिंध्या अशा वाकड्या कापल्या! त्यास शिक्षणास धाडले आणि मी चौथीवरून दुकानात बसलो (चौथीत पहिला होतो, हे नमूद करतो). तरी शाळेतून आला की तो माझ्यापाशीच बसे. मला टाचण्या देई.

तावातावाने कागद सूनबाईंपुढे टाकला. त्यांनी तो उरलेल्या पाचांपैकी एकावर पसरला. पाहत राहिल्या. मग ओठ दाबले.

"बाबा, तुम्ही पॅनेलला माया सोडलीत?"

मी उभाच राहिलो.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात त्यास माया म्हणतात. पुढे अंग भरले तर उसवून वाढवता येते. माझा नियम चारी कडांना चार बोटे. हात आपोआप तेवढे सोडून कापतो. मी त्यास काही सांगत नाही.

"पॅनेल काय पुढं जाडं होणार आहे?" सूनबाई. सौ. हसता हसता भिंत धरून खाली बसल्या. "काचेचा लठ्ठोबा!" म्हणाल्या. दिवसभर तेच चालले होते.

दुपारी सर्व कागदांची माया कापली. सहाच्या सहा बसले; झाडलोटीस वाटही राहिली.

अंथरुणावर पडल्यावर सुचलेले लिहून ठेवतो. आमच्या घरातल्या कोणासही ते दिसले नव्हते. पलीकडच्यास नुसता कागद पाहून माझी चार बोटे ओळखू आली.

१२ फेब्रुवारी

टाकी जागेवर आहे. मीही.

१३ फेब्रुवारी

सूनबाईंनी यंत्रे पाहावयास एकास सोमवारी बोलावले आहे. मला विचारून नव्हे, सांगून. आवाज साधा होता. तेच जड गेले.

१४ फेब्रुवारी

टाकी किती सरकावी लागेल हे तरी पाहावे म्हणून पॅनेलवाला विसरून गेलेली पोलादी टेप घेऊन वर गेलो. कोणाशी बोलण्यासाठी नव्हे. केवळ माप.

आमच्या जिन्याच्या भिंतीपासून पलीकडच्या कठड्यापर्यंत मोजावे लागते. टेप भिंतीवरून पलीकडे सोडली की टोक अधांतरी लोंबते, आणि ओढली की सापासारखी सळसळत परत येते. विटेने दाबली, निसटली. काठीला बांधली, तीही निसटली. अंगठ्यास लागले.

सौ.ना हाक मारली. जिन्यातूनच उत्तर आले, "माझे गुडघे दुखतात. पलीकडच्यांचे चांगले आहेत."

१५ फेब्रुवारी, रविवार

आज टेप सोडली ती परत आली नाही. ओढून पाहिली. पलीकडे कोणी धरली होती, डाव्या हाताने.

घसा खाकरला. मीच म्हणालो, "ताणून धर. झोळ पडतो आहे."

"धरलीय, दादा."

"टाकी किती सरकवावी लागेल ते पाहतो आहे. नेमके माप सांगतो. त्यावर आणखी—"

"चार बोटं. खडूनं खूण केलीय कालच."

सूनबाईंस सांगितले, उद्याच्या माणसास येऊ नको म्हणावे.