टीव्हीचं खोकं आणि तीन वर्षांचा प्लॅन

शुक्रवार संध्याकाळ, अल-खोबर, सौदी अरेबिया

हरलो. नऊ-दोन. पण हरण्यापेक्षा सिराजभाईंचं बोलणं जास्त लागलंय. रत्नागिरीचे सिराजभाई म्हणजे आमच्या बेसबॉल टीमचे पिचर, चेंडू फेकणारे, पंचेचाळिशी उलटली तरी हातात अजून जोर. कोच म्हणून आज मी त्यांना मुद्दाम बाहेर बसवलं आणि नव्या पोरांना उतरवलं. सगळी क्रिकेटवर वाढलेली. चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळतात! कितीदा ओरडायचं, बॅट टाका आणि पळा म्हणून?

"तीन वर्षांत हीच टीम लीग जिंकेल," मी म्हणालो.

सिराजभाई खांदा चोळत हसले. "दादा, तीन वर्षांनी इथे कोण असणार? यातले दोघे पुढच्या महिन्यात रास अल खैरच्या साइटवर कामाला चालले. जिंकायचं ते आत्ताच जिंकून घ्या."

खोटं काय बोलले? पण दर वर्षी हेच म्हणत बसलो तर टीम उभी राहणार कधी?

घरी येऊन बायकोला, मेघाला सगळं तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "तीन वर्षांचा प्लॅन? तू? कपाटावरचं टीव्हीचं रिकामं खोकं अकरा वर्षं टाकू देत नाहीस मला. कधी परत जावं लागेल सांगता येत नाही, म्हणतोस."

डोकंच फिरलं. खोकं खाली काढलं, टाकायला म्हणून तीन जिने उतरलो. कचरापेटीपाशी बराच वेळ उभा होतो.

मग ते तसंच उचलून वर घेऊन आलो.

आणि पोरांना सांगतो, बॅट टाका आणि पळा.