डाव्या अंगाची जागा

फ्रीगंज, उज्जैन
४ नोव्हेंबर १९५६

चि. श्रीपाद यास सुधामामाचे अ. उ. आ.

एका पगडीविरुद्ध फिर्याद नोंदवायची आहे. भय्यासाहेब आषाढात गेले, त्यांची शिंदेशाही पगडी खुंटीवर राहिली. मी तिचे टोक भिंतीकडे करून ठेवतो. सकाळी ते दाराकडे असते. मी फिरवतो, ती पुन्हा फिरते. वीस वर्षे ज्यांच्या घरात काढली, त्यांनी जाताना हट्ट तरी बरोबर न्यावा की नाही? तर्कशास्त्रात धुरावरून अग्नी सिद्ध होतो. पगडीवरून डोके सिद्ध होते का, हे कुणाला विचारू?

गल्लीला मात्र काही शंका नाही. शेजारच्या रजनीबाई म्हणाल्या, पंडितजी, ते गेलेत कुठे, तुम्हाला सोडून त्यांचा जी थोडाच लागणार आहे! मजा बघ. जिवंतपणी ते माझे कोण, हे कुणी विचारले नाही. मी आपला भाडेकरू. त्यांचे भूत झाल्यावर सगळे मला त्यांच्या घरचा माणूस समजू लागले आहेत.

आता कामाचे. तुझ्या आईने, म्हणजे आमच्या मंगलाताईने, मला तिचे वकीलपत्र दिले आहे. मुलगी देवासची, मॅट्रिक, पेटी वाजवते. मार्गशीर्षात बार उडवून द्यावा म्हणते. विवाहाची बाजू मांडायला तिला माझ्यासारखा अविवाहितच सापडला! फी म्हणून तुझे खरे उत्तर पाठव.

मामीविना मामाचा आशीर्वाद अर्धा धरू नये.

सुधामामा

———

नागपूर
११ नोव्हेंबर १९५६

ती. सुधामामांस श्रीपादचा सा. न. वि. वि.

वकीलपत्र परत करावे. मुलीत खोट नाही, पण तिला फसवणे माझ्याने होणार नाही. माझ्या कचेरीतला वसंत गेल्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर तुमच्याकडे आला होता. भय्यासाहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता आम्हा दोघांची अंथरुणे वरच्या खोलीत घातली. माणसाला असेही जगता येते, हे मला त्या दिवशी कळले. तुम्हा दोघांखेरीज दुसरे उदाहरण माझ्यापाशी नाही.

आता राज्ये नवी झाली. मला भोपाळचा हुकूम आला आहे, वसंत इथेच, मुंबई राज्यात. तो म्हणतो, तू लग्न करून टाक, मीही करतो, सगळे हेच करतात. म्हणून विचारतो, राग मानू नये. ज्याचा अभिमान वाटतो ते माणूस मिरवते. लोक मुंज मिरवतात, पोळ्याला बैल मिरवतात. तुम्ही दोघांनी कधी काही मिरवलेत का? की सगळे भाडेपावतीखाली झाकून ठेवलेत? झाकण्यातच जन्म जायचा असेल तर मला तो इतका लांब नको.

हल्ली कचेरी सुटली की अंबाझरीच्या तळ्यावर एकटाच जाऊन बसतो. पाणी हाक मारते असे वाटते. पगडीला माझा नमस्कार सांगावा.

आपल्या पायांशी माझी जागा असू द्यावी.

श्रीपाद

———

उज्जैन
१८ नोव्हेंबर १९५६

चि. श्रीपाद यास अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नावर मी चिडलो. पत्र फडताळात टाकले, आणि काल पुन्हा बाहेर काढले.

काल वैकुंठ चतुर्दशी झाली. महाकाळाची पालखी गोपाळमंदिरात येते, हर हरीला भेटतो. हरीची तुळस हराला, हराचा बेल हरीला. दोन देव एकमेकांना माळा घालतात आणि अख्खे गाव फटाके उडवते. दरवर्षी आम्ही दोघे पायरीवर उभे राहून त्याच क्षणी उपरण्याआड तुळस आणि बेल बदलत असू. गाव देवांकडे बघते आहे, आमच्याकडे कुणाचे लक्ष नाही, अशी आमची समजूत. तेवढीच काय ती आमची मिरवणूक, तीही उपरण्याखालून.

काल मी पगडी दोन्ही हातांत धरून निघालो. रजनीबाईंनी दारातून विचारले, किसकी ले चले पंडितजी? मी म्हणालो, माझ्या माणसाची. दोन शब्द, पण म्हणायला वीस वर्षे लागली. आमच्या शाळेचे हेडमास्तर समोर होते, त्यांनी मान फिरवली. फिरवोत. फूलवालीने मात्र न मागता दोन पुड्या पुढे केल्या. म्हणाली, हर साल दोनों की अलग निकालती हूँ, इस साल भी निकाल दी. म्हणजे ते उपरणे फक्त आम्हालाच जाड वाटत होते!

पायरीवर रेटारेटी होती, पण माझ्या डाव्या अंगाला कुणी उभे राहीना. लोक येत, थबकत, वळसा घालून पुढे जात. फटाके सुरू झाले तेव्हा मी तुळस त्या रिकाम्या जागेकडे धरली, सगळ्यांदेखत. हात हलका झाला. पायाशी शोधली, सापडली नाही.

मंगलाताईला आजच लिहिले, की तुझे वकीलपत्र सोडले आणि तुझ्या मुलाचे घेतले. श्रीपाद वसंतबरोबर राहील, मी भय्यासाहेबांबरोबर राहिलो तसा. मात्र त्याने कुणाचा भाडेकरू म्हणवून घेऊ नये. ती रडेल, रागावेल, मला घेऊ दे तिचा राग. वरची खोली तुम्हा दोघांसाठी झाडून ठेवली आहे. नोकरीचे मागाहून बघू. वसंताला धरून आण. लाजत असेल तर मी बोलावले आहे म्हणून सांग.

एक गोष्ट वर लिहायची टाळली. पायरीवर मागून एका म्हातारीने माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाली, भैया, तुमच्या बाजूच्या दोघांना जरा सरकायला सांगा, पालखी दिसत नाही. मी विचारले, दोघे कोण? म्हणाली, एक तो बुजुर्ग हैं, और दूसरा वो लड़का, भीगे कपड़ों में खड़ा है बेचारा, ठंड लग जाएगी. क्षिप्रेत बुडी मारून कुणी आला असेल, अशी मी रात्रभर स्वतःची समजूत घालतो आहे. पण मी वळून पाहिले तेव्हा रिकामी जागा खरोखरच दोघांपुरती होती.

एक कोण, ते मला ठाऊक आहे. दुसरा तू असशील याची मला भीती वाटते, श्रीपाद. फार भीती वाटते. पत्र नको, तार कर.

तुझा मामा