सुई नको, बोट पुरे

७ जुलै, सोमवार
तिरोड्यातल्या आपल्या लॅबमध्ये आजपासून क्रांती. दंडातून सिरिंजभर रक्त काढणं बंद. सगळ्या टेस्ट बोटातून. बारकी नळी, थोडेसे थेंब, काम खतम. बाहेर बोर्ड लावला : 'सुई नको, बोट पुरे'. बोटालाही सुईच टोचतात, असं रेणू म्हणाली. बायको स्वतः टेक्निशियन असली की हे ऐकावं लागतं.

८ जुलै
लोकांची बोटं! शी! धानाच्या रोवणीचा चिखल, तंबाखूचा खर्रा, बोदलकसा तलावातल्या मासोळ्यांचा वास. स्पिरिटचा बोळा काळा होतो. उद्यापासून एकदाच पुसायचं आणि दुसरीकडे बघायचं.

१० जुलै
केवळरामची शुगर ४८०! चांगलं झापलं. "मी गोड खातच नाई जी," म्हणत रडायला आला. रेणूनं साबणानं हात धुवायला लावून पुन्हा बघितलं, तर १०४. बैलाला गूळ चारून तसाच आला होता. चूक त्याची. घाणेरडा माणूस.

१४ जुलै
रोवणीवाल्यांची कातडी टाचेसारखी. रक्त येतच नाही. मग पिळायचं, म्हैस पिळतात तसं, मनगटापासून खाली. हे तंत्र माझं स्वतःचं. मशीनमध्ये फिरवल्यावर रक्तावरचं पिवळं पाणी छान गुलाबी येतं. पिळल्यानं पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढतं, असं रेणूचं म्हणणं. पुस्तकी ज्ञान.

१५ जुलै
सुमित्राबाई आल्या, अशक्तपणाची तक्रार. बोट दहा वेळा पिळलं. पोटॅशियम ७.१! यात हृदय कधीही बंद पडतं. मुलाला, दुधरामला, फोन केला : आत्ताच्या आत्ता गोंदियाला न्या. रोवणी टाकून गाडी करून गेले. आज मी एक जीव वाचवला. सत्कार झाला तर नाही म्हणायचं नाही.

१६ जुलै
गोंदियाहून डॉक्टरचा फोन. दंडातून रक्त घेतलं, पोटॅशियम नॉर्मल. वर विचारतो, "भाई, उंगली थी या नींबू?" नव्या विज्ञानामुळे यांचा जळफळाट.

१८ जुलै
दुधराम आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात सांगत बसला. "माय गाडीत समद्यायची माफी मागून राहिली होती. गळ्यातली गरसोळी मोठ्या वहिनीले देऊन टाकली. आता वापस कशी मागू म्हणून रडते. तुमी असं काऊन केलं, भाऊ?"
चहा मागवला. तो कपाला शिवला नाही. दोन्ही कप मीच प्यायलो. नंतर कसंतरीच झालं. दूध खराब असणार.

२२ जुलै
डॉक्टरनं पुन्हा तपासायला सांगितलं, म्हणून सुमित्राबाई आल्या. मोठी सून सोबत. गरसोळी तिच्याच गळ्यात.
बाईंनी बोटं मुठीत दाबून धरली होती. दंड पुढे केला. "बोट नाई देत, बापू. इथून काढ."
दोरीसारखी शीर. तरी दोनदा चुकली. शीरच सरकते, मी काय करणार? रेणूनं मला कोपरानं बाजूला केलं. तिला पहिल्याच खेपेला मिळाली. मग मला कापूस धरायला सांगितला.
धरला. नीट दाबून धरला. एक थेंब बाहेर येऊ दिला नाही. हे काम तिरोड्यात माझ्याइतकं कुणाला जमत नसेल.