अर्धा सूर खाली

सिस्टर,

तुमचा पियानो अजून अर्धा सूर खालीच आहे. शाळेच्या संगीताच्या खोलीत, खिडकीपासून लांब, तुम्ही ठेवला होतात त्याच भिंतीला. पियानो सुरात लावायला गोव्याहून वर्षातून एकदा येणारे ते म्हातारे मिस्त्री एकदा म्हणाले होते, की खाऱ्या हवेने तारा गंजल्यात, पूर्ण ताणल्या तर एकेक तुटत जाईल. तुम्ही त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवलात आणि म्हणालात, "मग उतरवा हो सगळा अर्धा सूर. रत्नागिरीत दुसरा पियानो आहे कुठे, याच्याशी भांडायला?" मिस्त्री हसले, तुम्हीही हसलात. आठ-नऊ वर्षांची मी दारात उभी होते. त्यांनी दोन दिवस बसून सगळ्या पट्ट्या सारख्याच उतरवल्या. आपापसात त्या अगदी सुरात होत्या. एकटा वाजत असला तर कुणाला काही कळू नये, इतका तो गोड वाजायचा. अजूनही वाजतो.

पंधराव्या वर्षी तुम्ही मला पियानोच्या परीक्षेसाठी मुंबईला नेलंत. तिथल्या पियानोवर मी पहिला तुकडा सुरू केला आणि बोटांनी दाबलं एक, कानांना आलं दुसरंच. मी थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या वेणीची रिबीन नीट बांधलीत आणि म्हणालात, "तुझी तयारी नव्हती." रिबीन बांधणारा हात मायेचा होता, त्यामुळे ते वाक्यही मला खरं वाटलं. खूप वर्षं वाटत राहिलं. लग्नानंतर कोल्हापुरात एका ओळखीच्या घरी पियानोवर बसले, तेव्हा कळलं की माझे कान तुमच्या पियानोवर घडले आहेत आणि बाकीचं सगळं जग त्याच्या अर्धा सूर वर आहे. तोवर तुम्ही देवाघरी गेला होतात. तुम्हाला हे तेव्हा ठाऊक होतं का, ते विचारायचं राहिलं.

पुढे मी रत्नागिरीला परत आले आणि तुमच्याच स्टुलावर बसून शिकवू लागले. बहुतेक मुली दोन-तीन वर्षांत सोडून देतात. एक मात्र टिकली. जयगडची मुलगी, वडील बंदरात क्रेनवर, ती इथे मावशीकडे राहून आपल्या शाळेत शिकत होती. असा कान मी दुसरा पाहिला नाही. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला की मान न वळवता सांगायची, "टीचर, एफ शार्प." मी पट्टी दाबून बघायची. तोच सूर. म्हणजे आपल्या पियानोवरचा. मी तिला एक कॉन्चेर्टो शिकवायला घेतला. त्यात पियानोसोबत लागणारा वाद्यवृंद आपल्याकडे नव्हताच, त्याचा भाग मी तोंडाने गुणगुणायची. एक दिवस ती मोबाईल घेऊन आली. त्यावर तीच रचना कुणी परदेशी माणूस पूर्ण वाद्यवृंदाबरोबर वाजवत होता. "टीचर, हे सगळे वरच्या सुरात का वाजवतायत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मोबाईलवर ऐकू नकोस, कान बिघडतो."

शाळेच्या कार्यक्रमाला मुंबईहून एक वाद्यवृंद चालवणारे गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. तिचं वाजवणं ऐकून ते तिथेच म्हणाले, की आमच्या पुढच्या कार्यक्रमात ही वाजवेल, आणि नीट वाजवलंन तर पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पाठवायचं मी बघतो. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमचा पियानो बराच उतरलाय. हिला महिनाभर तरी नीट लावलेल्या पियानोवर बसवा. गोव्यात माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत." मी हो म्हणून मान हलवली. तिची आई तर मला म्हणाली होती, "आमाला यातलं काय कळत नाय, टीचर. तुमी म्हणाल तसं." मी तिला गोव्याला पाठवलं नाही. आपल्या खोलीतून निघून ती थेट मंचावर बसावी, मधे दुसऱ्या कुणाचा हात लागू नये, असं मला वाटत होतं. कान आणि बोटं वेगळी पडली की काय होतं, हे मुंबईच्या त्या परीक्षेपासून मला ठाऊक होतं, तरीही.

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर एकच तालीम झाली. ती मंचावरून उतरून सरळ माझ्याकडे आली. "टीचर, मी दाबते ते येतच नाही." मी म्हटलं, "बोटांकडे बघून वाजव. सवय होईल."

पहिला भाग तिने तसाच काढला, मान खाली घालून, पट्ट्यांवरची नजर न हलवता. टाळ्या नाहीत, खोकणं नाही, सगळे लक्ष देऊन ऐकतायत. माझ्या शेजारी तिचे आईवडील, आईच्या मांडीवर घडी केलेली शाल. मग संथ भाग येतो. तिथे सुरुवातीला पियानो एकटाच असतो. ती एक क्षण थांबते, डोळे मिटते, आणि मला दिसतं की तिचे हात एक पट्टी डावीकडे, अर्धा सूर खाली सरकले आहेत. कानाला जो सूर हवा होता, तो तिने शोधून काढला. चार ओळी ती तशाच वाजवते, आणि सिस्टर, त्या हुबेहूब तुमच्या खोलीतल्यासारख्या वाजतात. त्या अख्ख्या सभागृहात तो सूर फक्त मला बरोबर वाटला असेल. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

मग व्हायोलिनं आली, त्यांच्या खऱ्या सुरात. दोन्ही मिळून जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. वाद्यवृंद थांबवला गेला. ते गृहस्थ वाकून तिच्याशी हळू काहीतरी बोलले, पुन्हा सुरू करू म्हणाले असतील. तिने हात मांडीवर घेतले, ते काही उचलले नाहीत. थोड्या वेळाने ती उठून आत गेली.

आत खुर्चीवर बसून तिने मला विचारलं, "माझाच सराव कमी पडला ना, टीचर?" आई तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होती.

मी हो म्हटलं.

त्यानंतर तिने पियानोला हात लावला नाही. त्या गृहस्थांचा फोन पुन्हा आला नाही, मीही केला नाही. ती आता लांज्याला एका काजूच्या कारखान्यात ऑफिसात बसते. गेल्या महिन्यात तिथे गेले होते तेव्हा भेटली. उठून खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाली, "आता कोण शिकतंय, टीचर?"

"दोघीजणी आहेत."

"त्यांच्याकडून सराव जास्त करून घ्या हां. मी आळस केला."

खरं सांगायचं तर हे पत्र मी तिला लिहायला घेतलं होतं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे, दोन दिवसांत पोचलं असतं. म्हणून वर तुम्हाला हाक मारली.