भिंतीतलं भोक

ताई,

आधी पाया पडते, मग भांडते. तीन पत्रं टाकली, तुझं एक नाही. हात मोडलाय का तुझा?

मी बरी आहे. इथे उन्हात चपला वितळतात, म्हणून सगळेच जमिनीखाली राहतात. डोंगर पोखरून खोल्या केल्यात, आत माठासारखं गार. खानावळीतली भांडी घासून खोलीवर येते. पण आवाज म्हणून कसला नाही. परवा उगीच मोठ्यांदा खोकले, कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून.

तुझ्या खाटेपुरती जागा हवी म्हणून मागची भिंत खणायला घेतली. मापबीप मला कुठलं येतंय! चौथ्या दिवशी पहार आरपार गेली, ती थेट शेजारणीच्या स्वयंपाकघरात. म्हातारी शिंपीण आहे. भोकातून म्हणाली, "अगं बाई, दार पलीकडून आहे!" आणि त्याच भोकातून चहा दिला.

आता संध्याकाळी ती तिकडे मशीन चालवते, मी इकडे भाजी निवडते. बोलत नाही फारसं. गवंडी भोक बुजवायला आला होता, त्याला म्हटलं, घाई नाही.

तू त्या पत्र्याखाली दुपार कशी काढतेस? चक्कर येते का अजून? पाणी पीत जा गं.

येणार असलीस तर कळव. भोक बुजवून तिथे तुझी खाट लावते. येणार नसलीस तर तसंही लिही, म्हणजे भोक राहू देते.

तुझी धाकटी