पेरूला पाणी पाजणारे इंजिन

प्रिय योगिनी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या जन्मदात्याने स्वहस्ते, शाईने, कागदावर पत्र लिहावे ही घटना दुर्मीळ असल्याने प्रथम खुलासा करतो: मी सचेतन आहे, तुझी आई सुखरूप आहे, आणि सातपूरच्या कारखान्याने मला अद्याप सेवेत ठेवले आहे. महिनाभर तू मला फोन केलेला नाहीस. शेवटच्या वेळी मी जे बोललो त्यानंतर तुझा राग सर्वथा न्याय्य आहे, असे आईने मला सुनावले. त्या विषयाकडे येतोच. भित्रा मनुष्य मुद्द्यावर वळसा घालूनच येतो, आणि सध्या मी अत्यंत भ्यालेलो आहे.

आपले बाष्पयंत्र तुला आठवत असेल. तू दुसरीत असताना मी लेथवर घडवलेले ते इंजिन: नारळाएवढा तांब्याचा बॉयलर, अंगठ्याएवढा पितळी सिलिंडर, आणि निर्मात्याचा गर्व मात्र आगगाडीएवढा. त्याचे अवतारकार्य एकच, छोटा पंप चालवून टबातले पाणी परसातल्या पेरूच्या आळ्यात सोडणे. हेच कार्य आई बादलीने क्षणार्धात उरकते, ही टीका मी शास्त्रविरोधी मानतो. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून कर्णकटू किंचाळायचा, आणि तू दोन्ही कान झाकून, डोळे मिटून पेरूखाली नाचायचीस. तुला त्या किंकाळीचीच प्रतीक्षा असे. पेरू जगो वा मरो.

गेल्या रविवारी पेरू मलूल दिसला. आई पिंपळगावला मावशीकडे गेलेली, म्हणजे टीकाकार अनुपस्थित. मी स्पिरिटचा दिवा लावून यंत्रास पुनश्च प्रज्वलित केले. पिस्टनची धकधक सुरू झाली, पंपाचे ठोके पायाखालच्या फरशीत जाणवू लागले, पाणी आळ्यात पडू लागले. दाबाचा काटा लाल रेषेवर येऊन थरथरू लागला. तिथे व्हॉल्व्ह किंचाळलाच पाहिजे. मी स्वतः तो तसा बसवला आहे. किंकाळी आली नाही.

व्हॉल्व्ह अडकला, तर बॉयलर फुटतो. तांब्याची चिरफळी माणसाच्या पोटाचे काय करते याचे ज्ञान मला नको तितके आहे. तुझा पराक्रमी पिता धुण्याच्या दगडामागे बसला. दिवा विझवायला जावे, तर जवळ जाण्याचे धैर्य नाही. पळावे, तर वाट इंजिनाशेजारून. दगडाआडून मी त्या काट्याकडे नुसता पाहत राहिलो.

इतक्यात कुंपणापलीकडे शेजारच्या लंकाबाई प्रकटल्या, दोन्ही तळहात कानांवर गच्च. विंचूरच्या कांदा-लिलावात कमावलेला त्यांचा आवाज मला अजून पोहोचतो. “अवो भाऊ, बंद करा ना ते! कवाधरनं किंचाळतंय, कान फाटायची पाळी आली. तुमाला ऐकू येत नाय का?”

मी उठलो, यंत्राजवळ गेलो आणि व्हॉल्व्हच्या वीतभर वर हात धरला. भर उन्हात न दिसणारी वाफ सणसणत तळव्याला चाटून गेली. व्हॉल्व्ह उघडाच होता. यंत्र निर्दोष होते. मी दिवा विझवला. बॉयलर फुटण्याचे भय तिथेच संपले, योगिनी. त्याच्या जागी जे शिरले ते अद्याप बाहेर पडलेले नाही.

प्रेसशॉपमधल्या, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटातल्या तीस वर्षांनी माझ्या कानांतून बारीक आवाज आधी नेले. कुकरच्या शिट्ट्या गेल्या, डाळ करपली, मी गॅसला दोष दिला. दाराची बेल गेली. आई म्हणते, “ह्यांना हवं तेवढंच ऐकू येतं.” समस्त पतिवर्गावर होणाऱ्या या आरोपाच्या छायेत मी दोन वर्षे सुखेनैव लपलो. रविवारनंतर कानाच्या दवाखान्यापर्यंत स्कूटर नेली. बाहेर बाकांवर रुग्ण बसलेले, आणि आतून एकेकाला नावाने हाक मारत होते. माझे नाव पुकारले जाईल, सगळे इकडेतिकडे पाहतील आणि मी ढिम्म बसून राहीन, या कल्पनेनेच मी दारातून मागे फिरलो. स्कूटर परत वळवली.

आता तो फोन. तुझा आवाज पहिल्यापासून बारीक. फोनवर तो मला कित्येक महिने केवळ अस्पष्ट पुटपुट म्हणून पोहोचतो. मी अंदाजाने “वा, छान” म्हणत राहतो, फारच अडले तर नेटवर्कला शिव्या देतो. त्या दिवशी तू गाडीवरून पडल्याचे, मनगट मोडल्याचे सांगत होतीस, आणि मी म्हणालो, “अरे वा, अभिनंदन! पेढे कुठे आहेत?” तुला वाटले, बाबांना इथेही विनोदच सुचला. ती ख्याती मीच जन्मभर जोपासली, तेव्हा तक्रार कोणाकडे करू? तू रडत होतीस, हे आईने नंतर सांगितले. मला रडणेही ऐकू आले नव्हते. फोनवर क्षमा मागितली असती, तर तू काय म्हणालीस ते कळलेच नसते. म्हणून हा कागद. तू ये. दवाखान्यात माझ्याशेजारी बस आणि नाव पुकारले की कोपर मार. पण त्याआधी आपण इंजिन पेटवू. तू पेरूखाली उभी राहा, मी काट्याकडे न पाहता तुझ्याकडे पाहत राहीन. हात अजून प्लास्टरमध्ये असेल, तर एकच कान झाक. तेवढ्यावरून मला समजेल.

तुझाच, धुण्याच्या दगडामागचा,
बाबा